नळी अजून बसली नाही

जगात जे जे म्हणून नवं आहे ते मुळात अर्धवट आहे, आणि ते पुरं करायची जबाबदारी देवानं, सरकारनं आणि कारखानदारांनी मिळून आपल्या एकट्याच्या गळ्यात घातली आहे, अशी ज्यांची पक्की खात्री होती असे एकच गृहस्थ मी पाहिले: माझ्या बायकोचे थोरले मामा. नवी वस्तू थेट वापरायला काढणाऱ्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं इतर लोक खिसेकापूकडे बघतात. नवी चप्पल आणली की तिला एरंडेल चोळून पंधरवडाभर ती घरातच, तीही खुर्चीवर बसल्या बसल्या पायात घालायची. पायाची आणि तिची ओळख झाल्याशिवाय रस्ता दाखवायचा नाही. नवी छत्री आधी अर्धी उघडून माजघरात ठेवायची. नव्या कुकरमध्ये पहिल्यांदा नुसतं पाणी, मग पाण्यात दोन बटाटे, मग डाळ, आणि भाताची पाळी येईपर्यंत मामी पातेल्यात भात शिजवून मोकळ्या झालेल्या असत. भिंतीवरचं नवं घड्याळ टिकटिक करत चालू असायचं, पण पहिले काही दिवस त्याला वेळ विचारायची नाही, असा दंडक होता. त्या दिवसांत मामी वेळ बघायला शेजारच्या घरी जात आणि जाता जाता त्या घड्याळाकडे बघून तोंड वाकडं करत.

लग्न होऊन मी त्यांच्या गोतावळ्यात दाखल झालो तेव्हा मीही नवाच होतो. पहिल्या दिवाळीला कुणी मला बाजारातून काही आणायला सांगू लागलं की मामा हात आडवा घालत आणि म्हणत, "थांबा. जावई अजून रनिंगमधी हाये. लोड देऊ नका." मला वाटलं, काय प्रेमळ माणसं मिळाली! दुसऱ्या दिवाळीला त्यांनी मला झाडू देऊन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरवलं, तेव्हा माझं रनिंग संपल्याचं मला अधिकृतपणे कळलं.

तसं पाहिलं तर ही भाषा तेव्हा शहराच्या हवेतच होती. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि वाळूजच्या माळावर, जिथं कालपरवापर्यंत शेरडं चरत होती, तिथं पत्र्याच्या शेडी भराभर उभ्या राहत होत्या. सकाळी कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांची रांग लागायची. ज्याला त्याला स्कूटर हवी होती, आणि ती मिळाली की हार घालून, लिंबू चिरडून, पहिले काही दिवस 'रनिंग'मध्ये हळू चालवायची हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. इंजिन बसू द्यायचं असतं. ते बसलं की माणसं कान पिळून सुसाट निघत. मामांच्या स्कूटरचं इंजिन मात्र कधी बसलंच नाही. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं अंतर संपलं, त्याच्या कितीतरी पट अंतर झालं, तरी मामा ताशी दहाच्या वर गेले नाहीत. जालना रोडवर मागून सायकलवाले घंटी वाजवून वाट मागायचे. मी मागच्या सीटवर बसलेला असलो की ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मान खाली घालायचो, पण त्या वेगात ओळखीच्या माणसाला आमच्याबरोबर चालत चालत गप्पा मारता यायच्या, त्यामुळे उपयोग होत नसे.

त्याच वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटत होता, विझत होता आणि पुन्हा पेटत होता. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं जमतील तिथं दोन तट पडत. मामांच्या जातवाल्यांत, म्हणजे जमीनजुमला असलेल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत, बहुतेकांचं मत एकाच बाजूचं होतं आणि ते मोठ्या आवाजात होतं. मामांनी मत दिलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की निर्णय व्हायच्या कितीतरी आधीपासून घरात विद्यापीठाचं नवं नाव घ्यायला सुरुवात केली. सकाळी चहाच्या आधी दोनदा आणि जेवणानंतर एकदा. "एकदम पाटी बदलली की जिभेला झटका बसतो," ते म्हणायचे. "आत्तापासून हळूहळू म्हणावं. बसतं." एकदा त्यांनी भर पंगतीत ते नाव घेतलं, तेव्हा समोरचे पाहुणे जिलबी ताटात टाकून उठून गेले. मामा मागं वळून मला म्हणाले, "बघा, बिनारनिंगची माणसं."

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे बंदूक.

खुलताबादच्या पुढं, घाट चढून गेल्यावर, मामांची वडिलोपार्जित जमीन होती. तिची वाटणी झालेली होती. अर्धी मामांची आणि अर्धी त्यांच्या धाकट्या भावाची, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. मामांना गावाकडे नाना म्हणत. आप्पा गावातच राहत आणि त्यांच्याकडे जीप, आवाज आणि मिशा या तिन्ही गोष्टी मोठ्या होत्या. मामांचा वाटा सखाराम बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, करायचा. सखाराम गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या दलित वस्तीतला. उंच, सडपातळ आणि बोलायला असा की त्याच्या बोलण्यातली चेष्टा आपल्याला घरी आल्यावर कळायची. रानात मका उभा राहिला की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एकेका फेरीत वाफेच्या वाफे आडवे करून जायची. थोरल्या आजोबांच्या काळापासून घरात पीकसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना होता. जुनी बंदूक गंजून कधीच निकामी झालेली. तो परवाना मामांच्या नावावर झाला आणि मामांनी सरकारी कारखान्यात बनलेली कोरी करकरीत रायफल विकत आणली.

कुठल्याही शहाण्या माणसानं ती रायफल घेऊन डुकरं मारली असती. पण रायफल नवी होती. छावणीतल्या कुणा निवृत्त सुभेदारानं मामांना सांगून ठेवलं, की नव्या नळीला बसवावं लागतं. एक बार काढायचा, मग नळी थंड होऊ द्यायची, मग गजाला फडकं लावून ती आतून पुसायची, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, ते तेलही पुसायचं, आणि मग दुसरा बार. असं बराच काळ चालल्यावर दोन दोन बारांनी पुसायचं, मग चार चार, आणि मग कधीतरी ती नळी मनुष्यमात्राच्या उपयोगाची होते. बिचाऱ्या सुभेदाराला काय कल्पना, की हे ज्ञान आपण कुणाच्या कानात ओततो आहोत. आयुष्यभर चपला आणि कुकर बसवत आलेल्या माणसाला शेवटी त्याच्या लायकीची वस्तू सापडली होती.

मी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. लोखंडाच्या पोकळ वस्तू आतून गुळगुळीत करणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. दर रविवारी चहाबरोबर आमचं भांडण व्हायचं.

"मामा, नळी कारखान्यातच घासून आलेली असते. राहिलेलं काम गोळीनं करायचं असतं तर त्यांनी मशिनी कशाला घेतल्या असत्या?"

"मशीन घासतं, बसवत नाय. आत खरबरीत राहतंच. पहिल्या गोळीचं तांबं त्या खरबरीत चिकटतं. ते न पुसता दुसरी मारली की ते तांबं तिथंच दाबून बसतं. मग जन्मभर नेम वाकडा."

"आणि तुम्ही तो गज इतका आतबाहेर करता, त्यानं आतले आटे झिजत नाहीत?"

"आमचा गज हळू जातो."

"प्रत्येक नळीचं आयुष्य ठरलेलं असतं. जितके बार, तितकी झीज. तुम्ही तिला तयार करण्यातच म्हातारी करणार."

"तयार न होता जगण्यात काय मतलब हाये, जावईबापू?"

खरी अडचण अशी होती, की या वादाचा निकाल लागणं शक्यच नव्हतं. बसवलेली एक नळी आणि न बसवलेली एक नळी शेजारी शेजारी ठेवून नेम लावला असता तर काही कळलं असतं. हे मी एकदा बोलून गेलो, तर मामा लगेच म्हणाले, "मग दुसरी घेऊ का?" आणि आतून मामींच्या हातातलं भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. शिवाय या शास्त्राची रचनाच पक्की होती. गोळी नेमावर लागली तर ते नळी बसत असल्याचं लक्षण, आणि लागली नाही तर नळी अजून बसली नसल्याचं. असल्या शास्त्राला हरवायला माझी डिप्लोमाची अक्कल पुरणार नव्हती.

एकदा मी हा सोहळा बघायला मुद्दाम गावाला गेलो. उन्हं कलली होती. मामांनी बांधाच्या मातीवर एक फुटका माठ ठेवला, चटई अंथरली, चटईवर धुतलेली फडकी, तेलाची शिशी, गज आणि पितळी ताट मांडलं. सत्यनारायणाला यापेक्षा कमी सामान लागतं. एक बार काढला. बगळे उडाले, माठ होता तिथंच राहिला. मामांनी कान चोळले, रायफल मांडीवर घेतली आणि नळी थंड व्हायची वाट बघत बसले. मग पुसायला घेतली. फडकं काळं निघालं की ते उन्हाकडे धरून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. हे चाललेलं असतानाच मक्याच्या कडेनं एक दांडगं डुक्कर, मागं सगळं कुटुंब घेऊन, निवांत बाहेर आलं. इतकं जवळ, की त्याच्या पाठीवरचे केस दिसत होते.

मी कुजबुजलो, "मामा, डुक्कर!"

"दिसायलंय."

"मारा की!"

"पुसणं चालू हाये. तेल लावलंय आत. तेलात बार काढू का?"

डुकरानं आमच्याकडे बघितलं, मामांच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, आणि ते मक्यात शिरलं. पलीकडच्या बांधावर सखाराम उभा होता. त्यानं रॉकेलचा रिकामा डबा उचलला, त्यावर काठी बडवत, शिव्या घालत तो धावला आणि सगळं कुटुंब डोंगराकडे पिटाळून आला. घाम पुसत चटईशी येऊन बसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "नाना, तुमच्या बंदुकीपरीस माजा डबा बरा. तेला रनिंग लागत नाय."

मामा खळखळून हसले. हसता हसता त्यांनी पुसणं थांबवलं नाही. काडतुसं वर्षाला परवान्यावर मिळतील तेवढीच, आणि ती सगळी या बसवण्यातच संपायची. मग पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं. "तोवर डुकरं म्हातारी होऊन मरतील," मामी म्हणायच्या. आप्पांचं म्हणणं याहून कडक होतं. त्यांच्या मते थोरल्या भावाला घरातल्या परवान्याची किंमत नव्हती आणि बंदूक शहरात कपाटात ठेवून मामांनी खानदानाची अब्रू घालवली होती. मला या बाबतीत आप्पांचं पटायचं. जमलेल्या सगळ्या नातेवाइकांत मी त्यांच्याकडे वळून सांगायचो, की हे नळी बसवणं म्हणजे शुद्ध थोतांड आहे, मी कारखान्यातला माणूस आहे, माझ्याकडून लिहून घ्या. आप्पा खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारत.

मग विद्यापीठाच्या नावाचा निर्णय एकदाचा जाहीर झाला, तो आठवडा आला. कुठं गुलाल उधळला गेला, कुठं टायर जाळले गेले. शहरात बंद होता. कंपनीची बस आली नाही, म्हणून मी सकाळीच मामांकडे चहाला गेलो. मामा नेहमीप्रमाणे नवं नाव दोनदा म्हणून चहाला बसलेले. "बघा," ते म्हणाले, "मला कायबी झटका बसला नाय." तेवढ्यात दारात जीप थांबली. आप्पा गावातल्या दोघांना घेऊन आले होते. ते दोघं आत आले नाहीत, जीपला टेकून उभे राहिले.

आप्पांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि उभ्या उभ्याच विषय काढला. वस्तीतल्या पोरांनी निळे झेंडे लावलेत, मिरवणूक काढणार म्हणतात, वेशीतून नेणार म्हणतात. गावाची बैठक झाली. "नाना, बंदूक द्या. दोन दिसांत आणून देतो."

मामींनी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली. मामा मात्र अगदी शांत होते. कुणी नवी चप्पल मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"देता यायची नाय," ते म्हणाले. "नळी अजून बसली नाय."

"नाना, ही चेष्टेची येळ हाये का?"

"चेष्टा कोण करायलंय? एक बार झाला की थंड व्हावं लागतं. मग पुसावं लागतं. तू तिथं वेशीत चटई टाकून पुसत बसणार का?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही कारखान्यातले. तुम्हीच म्हणता ना, हे समदं थोतांड हाये म्हणून? सांगा यांना. आता सांगा."

इतकी वर्षं मी ज्या संधीची वाट बघत होतो ती अशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घरातली सगळी माणसं माझं तज्ज्ञ मत ऐकायला थांबली होती. मला सखाराम दिसायला लागला, डबा वाजवत धावणारा. मी म्हटलं, "नाही आप्पा. मी वाचलं मध्यंतरी. मामांचंच बरोबर आहे. न बसलेली नळी फार धोक्याची. तिनं लागोपाठ बार काढले तर ती फुटते. चालवणाऱ्याचा हात जातो, डोळे जातात."

आप्पा दचकले. दाराबाहेरच्या दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. काम झालं होतं. आणि तेवढ्यात मामा, ज्यांना मी वाचवत होतो ते आमचे मामा, बोट वर करून म्हणाले, "फुटत नाय. चुकीचं सांगू नका. फुटायचा संबंधच येत नाय. नुसता नेम बिघडतो."

मला त्या क्षणी त्या माणसाला गजानं बडवावंसं वाटलं.

"नेम?" आप्पा म्हणाले. "नेम कुणाला पायजे? बार काढायचाच नाय. नुसती हातात धरून वेशीत हुबं ऱ्हायचं. नुसता धाक दाखवायचा."

आता शास्त्र संपलं होतं. नुसती हातात धरायच्या बंदुकीला रनिंग लागत नाही, हे मामांनाही कळत होतं. मग त्यांनी पायातली चप्पल सरळ केली आणि खाली बघतच म्हणाले, "अण्णांनीबी नुसता धाक दाखवायलाच दिली होती."

अण्णा म्हणजे या दोघांचे वडील.

"निजाम गेला त्या साली. तू पाळण्यात होतास. गावातली माणसं आली, म्हणाली नुसती हातात धरून हुबं राहतो. माणसं वळखीची, घरची. अण्णांनी काढून दिली. सांजच्याला परत आणून दिली तवा नळी गरम होती. अण्णांनी हातात घेतली नाय. मला म्हणले, पूस. मी पुसली. लई पुसली, आप्पा."

मामींनी पदर तोंडाशी धरला होता; त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मी त्या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली होती, आणि आता मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "ते दिवस वेगळे होते, नाना. मी गावाला शब्द देऊन आलोय. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

"मंग मी तुला अडचणीतून सोडवतो," म्हणत मामा उठले. कपाट उघडलं, रायफल गोधडीत गुंडाळली, काडतुसांची पेटी पिशवीत टाकली आणि मला म्हणाले, "चला. मागं बसा. आडवी धरा, उभी नको, वारा लागतो."

पोलीस ठाणं काही फार लांब नव्हतं. पण बंदच्या दिवशी, पेटलेल्या शहरात, गोधडीत गुंडाळलेली रायफल मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलं की अंतराचा अंदाज बदलतो. मला वाटलं, आज तरी मामा कान पिळतील. नाही. दहा. चौकाचौकात पोलीस उभे, दुकानांची शटरं खाली, आणि आमच्या मागं आप्पांची जीप. आप्पा हॉर्न वाजवत होते, खिडकीतून डोकं बाहेर काढून "नाना, थांबा! नाना, ऐका!" म्हणून ओरडत होते, पण थोरल्या भावाला ओलांडून आडवं जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. त्यामुळे जीपही दहा. असा पाठलाग पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. एक कुत्रं आमच्यावर भुंकत बरंच अंतर बरोबर चाललं आणि शेवटी कंटाळून थांबलं. "मामा, जरा जोरात!" मी कळवळून म्हटलं. मान न वळवता ते म्हणाले, "घाई कशाला? ठाणं कुठं पळून जातंय?"

ठाण्यातला हवालदार दोन दिवसांच्या जागरणानं बेजार झाला होता. बंदूक जमा करायला स्वतःहून आलेला माणूस बघून त्याला आधी संशयच आला. "अजून तसा आदेश निघाला नाही," तो म्हणाला. "निघंल," मामा म्हणाले. "मी थोडा आधी आलो." पावती हातात पडल्यावर सुद्धा ते हलेनात. हवालदाराला त्यांनी बजावलं, की नळी अजून बसलेली नाही, कुणी कितीही मोठा साहेब आला तरी हिचा बार काढू द्यायचा नाही, आणि महिन्यातून एकदा कोरडं फडकं फिरवायचं. हवालदार हो हो म्हणाला. बाहेर आलो तर आप्पा फाटकाशी उभे होते. त्यांचे डोळे भरलेले होते आणि आवाज चढलेला. "भावापरीस वस्ती जवळची झाली तुम्हाला. आजपासून तुमचं दार मला बंद आन् माजं तुम्हाला." जीप निघून गेली. मामांनी स्कूटरला किक मारली. ती लगेच सुरू झाली नाही, म्हणून मी मारली.

गावात त्या दिवशी थोडी दगडफेक झाली, शिवीगाळ झाली, दोन्हीकडची माणसं जागत बसली आणि उजाडलं. मिरवणूक वेशीतून गेली की कडेनं गेली याबद्दल अजून वेगवेगळं ऐकायला मिळतं. पण सगळे जिवंत राहिले. नळी बसवण्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. ते थोतांडच आहे. मामांनी बंदूक ठाण्यातून कधीच परत आणली नाही. वातावरण निवळलं, बाकीच्यांनी आपापली हत्यारं नेली, पण मामा काही ना काही कारण काढून टाळत राहिले, आणि पुढं मामींनीच ती सरकारजमा करून टाकली.

आप्पांनी मात्र शब्द पाळला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली, मामांना आली नाही. मामांनी गावाला जाणं सोडलं. आपल्या रानात जायला कुणाची मनाई नव्हती, पण भावाच्या दारावरून जायचं आणि आत शिरायचं नाही, हे त्यांना जमेना. वाट्याचं धान्य घेऊन सखारामच शहरात यायचा. त्या सकाळचं त्याला काय माहीत होतं, किती माहीत होतं, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही आणि मामांनी कधी सांगितलं नाही. चहा पिताना मामा पिकाचं विचारत, पावसाचं विचारत, आणि बशी खाली ठेवल्यावर, जणू आत्ताच सुचलं असं दाखवून, "आप्पा भेटतो का रे?" असं विचारत.

"भेटतात की. परवा इचारत होते, नानांच्या गुडघ्याचं कसं काय म्हणून."

मामांचा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता. ते सावरून बसले. "मंग? काय सांगितलंस?"

"म्हणलं, बरा हाये."

"बरा कामून सांगितलंस?" मामा एकदम चिडले. "लई दुखतो म्हणायचं. चालता येत नाय म्हणायचं."

सखाराम माझ्याकडे बघून हसला आणि "पुढच्या येळी सांगतो, नाना," म्हणाला. तो पुढच्या खेपेला आला तेव्हा मामांनी त्याला पोतं खाली उतरवू दिलं नाही. "सांगितलंस?" "सांगितलं." "काय म्हणला?" सखारामनं पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "कायबी बोलले नाय. पर हुबे राहिले बराच येळ." मामांना तेवढं पुष्कळ झालं. त्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची ओट्याच्या टोकाला नेली, तिथून कोपऱ्यावरून वळणारी गाडी दिसायची.

मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यासारखा हट्टी, तर्कटी आणि डोकं पिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि रविवारी चहा पिताना मला त्यांची फार आठवण येते. आप्पा आले ते मामा गेले त्या दिवशीच. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. जीपमधून उतरले, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि आत न जाताच मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, गुडघा लई दुखत होता का हो?"

मी म्हटलं, "लई."